ओटी आधी भरली

आमच्या घरात सकाळी जातं फिरायच्या आधी दाण्यांचा आवाज व्हायचा. माय दळणाला बसली की टोपल्यातली पहिली मूठ ज्वारी उचलायची, डोळे मिटून क्षणभर तशीच धरायची आणि कोनाड्यातल्या मडक्यात सोडायची. सोमवारी मडकं रिकामं असे, तेव्हा दाणे खडखडत. शनिवारपर्यंत ते भरत आलेलं असे आणि मग दाण्यावर दाणा पडल्याचा नुसता मऊ आवाज येई. मी गोधडीत पडल्या पडल्या त्या आवाजावरून वार ओळखायची. मग जातं घरघरायला लागे आणि माय आणि अक्का समोरासमोर बसून गीतं म्हणत. गीतं येशूची, पण चाली सगळ्या आमच्या भागातल्या जात्यावरच्या. एकदा बाहेरून आलेल्या कुणीतरी त्यावर नाक मुरडलं होतं. माय त्यांना शांतपणे म्हणाली होती, "जातं काई इंग्रजीत फिरत नाई, बाई."

त्या मुठीला आम्ही देवाची मूठ म्हणत असू. आमची लुथरन मंडळी लहानशी, चिखलीकडच्या उंद्रीच्या आत, सडक सोडून बैलगाडीच्या वाटेनं जावं लागे अशा गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं अजून ओळखीची माणसं आहेत आणि ती मला फोन करकरून हैराण करतील. मातीच्या भिंती, वर टिनपत्रे, शेणानं सारवलेली जमीन, असं आमचं चर्च. घंटा म्हणून लिंबाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. आमच्याकडे रेल्वे नव्हती, पण तो तुकडा कुणीतरी खामगावाहून आणला होता आणि त्याचा ठणठणाट शिवारभर ऐकू जाई. मंडळीतल्या बायांच्या हाती पैसा कधी येत नसे. मजुरीचं मोलही धान्यातच मिळायचं. म्हणून ज्याचं दळण त्याचीच मूठ, असं त्यांनी ठरवून घेतलं होतं. रविवारी सगळ्या जणी आठवड्याच्या मुठी पदरात बांधून आणत आणि उपासना संपली की चर्चच्या कोपऱ्यातल्या कणगीत ओतत.

आधी ती ज्वारी दिव्याच्या तेलाला जायची. पुढं बायांनी आपापसांत ठरवलं की तिच्यातून बाळंतपणाची एक खोली बांधायची. पुरुषांना हे उशिरा कळलं. गावात सुईण होती, तिचा हात चांगला होता, पण काही अडलं की चिखलीच्या दवाखान्याशिवाय गत नव्हती. उंद्रीपर्यंत बैलगाडी, तिथून मिळाली तर मोटार. त्या वाटेवर ज्या बायांचं बरंवाईट झालं त्यांची नावं माझ्या मायला पाठ होती, आणि प्रार्थनेत ती एकेक करून घ्यायची. त्या बाया कोणत्या जातीच्या, कोणत्या देवाच्या, हे ती मध्ये आणत नसे. तर खोलीसाठी दर रविवारी बाया नाल्यातून एकेक दगड डोक्यावर आणून चर्चच्या मागं टाकायच्या. मीही आणायची. ज्वारी गवंड्याला द्यायची, दगड आपले, माती गावाची, असा सगळा हिशेब तोंडीच होता. नर्स कुठून आणायची, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

माय विधवा होती. बाप मिशनच्या शाळेत मास्तर होता, तापानं गेला, मला तो फारसा आठवत नाही. मायला बायबलबाईचं काम मिळालं. काखेत पुस्तक आणि हातात छत्री घेऊन ती आसपासच्या वस्त्यांवर जायची, बायांना गोष्टी सांगायची आणि येताना त्यांच्याच गोष्टी ऐकून यायची. शेजारच्या गिरजाकाकूच्या मळ्यात आम्ही अर्ध्या वाट्यानं वांगी, मिरच्या लावायचो. गिरजाकाकू माळ्याची, जिभेची तिखट आणि मनाची सढळ. तिच्या घरी वरण शिजलं की आमच्याकडे वाटी यायची, आमच्याकडे रविवारी कोंबडी शिजली की ती नाक धरून दारावरून जायची आणि जाता जाता विचारायची, "जमली का वं भाजी?" अक्काचं आणि तिचं फार पटे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण एस्तेर. गावात कुणीही कसंही बोलो, तासाभरात अक्का त्याची हुबेहूब नक्कल करून दाखवायची. भाकरी थापता थापता, हात पिठात असताना, नुसत्या मानेनं आणि आवाजानं ती अख्खी मंडळी उभी करायची. तिच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि खलबत्त्यातला ठेचा मला आजही आठवतो. आता बुलढाण्यात माझी सून चांगला स्वयंपाक करते, मिक्सर आहे, गॅस आहे, पण ठेच्यात मिरची वाटली जाते, ठेचली जात नाही. हे मी तिला सांगत नाही.

ओटीबद्दल इथंच सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या आज्या-पणज्या ख्रिस्ती झाल्या तेव्हा त्यांनी हळदकुंकू सोडलं, पण ओटी भरणं काही सोडलं नाही. फरक एवढाच केला की गावात जिची ओटी कुणी भरत नाही, त्या विधवेचीही आमच्यात भरत. बाप वारला त्या वर्षी गावात एका लग्नात मायला मागं बसवलं होतं, आणि ती जेवण न करता घरी आली होती. त्याच नाताळात मंडळीतल्या बायांनी तिला पाटावर बसवलं आणि प्रत्येकीनं मूठभर ज्वारी तिच्या पदरात घातली. माय हे फार वेळा सांगायची. "त्या दिवशी मी मंडळीची लेक झाली," म्हणायची. हे नुसतं बोलणं नव्हतं. जिची ओटी भरली ती माहेरवाशीण, तिचा रुसवा काढायचा, तिला सणाला बोलवायचं, आणि तिच्यापुढं कधी हात पसरायचा नाही. आमच्या भागात तेव्हा बापमाय लेकीच्या घरी गेले तर पाणीसुद्धा सांभाळून पीत. पाळकसाहेबांना हे ओटीचं प्रकरण आवडत नसे. ते जालन्याकडचे होते, भले माणूस होते, पण बायांच्या गोष्टींत त्यांचं डोकं चालत नसे.

एका हिवाळ्यात चिखलीहून मिससाहेब आल्या. या आमच्या मिशनच्या गोऱ्या बाई, लग्न न केलेल्या, उंच, सायकलवर फिरणाऱ्या. मराठी त्या बायबलातून शिकल्या होत्या, त्यामुळं भाजी घेतानाही "तुम्हांस काय द्यावे?" असं विचारायच्या. त्यांनी सांगितलं की त्यांच्या देशातल्या लुथरन बायकांचा एक संघ आहे. तिथं घरोघरी बाई जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची एक लहान पेटी ठेवते. लेकराचा ताप उतरला, पीक चांगलं आलं, मुलगा सुखरूप घरी आला, की उपकार मानून पेटीत नाणं टाकते. सगळ्यांच्या पेट्या एकत्र करतात आणि त्यातून दूरदूरच्या मंडळ्यांना शाळा, दवाखाने बांधून देतात. आमच्या बाया हे ऐकून अशा खुश झाल्या की विचारता सोय नाही. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे त्यायचीबी मूठच हाय ना वं." त्यांना पैशापेक्षा याचंच अप्रूप वाटलं की तिकडं कुणी आपल्यासारखंच करतं. त्या संघातल्या एक बाई कोणकोणत्या गावी मदत द्यायची ते पाहायला येणार होत्या, आणि त्या आमच्याही गावी येणार होत्या.

पाळकसाहेबांनी मायला बसवून समजावलं. "मार्थाबाई, लाजायचं नाही. त्या विचारतील, तुम्हाला काय हवंय. तुम्ही स्पष्ट सांगायचं, बाळंतपणाची खोली हवी, एक खाट हवी, एक नर्स हवी. त्या द्यायलाच आल्यात." माय हो म्हणाली. पण मागायचं कसं, हे तिला खरोखरच येत नव्हतं. आमच्या घरात मीठ संपलं तर ती गिरजाकाकूकडं आधी दोन वांगी घेऊन जायची आणि मग मीठ आणायची. म्हणून अक्कानं तिची तालीम घ्यायची ठरवलं. आमच्याकडं मिशनमधून आलेली एक चौकटींची गोधडी होती, तिकडच्याच बायकांनी जुन्या फ्रॉकांचे तुकडे जोडून शिवलेली. अक्कानं ती झग्यासारखी अंगाला गुंडाळली, मान ताठ केली आणि मिससाहेबांच्या आवाजात म्हणाली, "तुम्हांस काय पाहिजे, मार्थाबाई?" मायला हसू आवरेना. पदर तोंडात धरून ती म्हणायची, "खोली पाह्यजे." "मोठ्याने सांगावे, मार्थाबाई." "खोली पाह्यजे वं माय, बाळंतपनाची खोली." अशी ती तालीम रोज संध्याकाळी भाकरी होईपर्यंत चाले. आठवड्याभरात माय न हसता म्हणायला शिकली. आम्हाला वाटलं, झालं काम.

त्या बाईंचं नाव इडा. जीपमधून उतरल्या तेव्हा आम्ही पोरी हार घेऊन उभ्या होतो आणि आमची निराशाच झाली, कारण आम्हाला कुणी राणीसारखी बाई येईल असं वाटलं होतं. या ठेंगण्या, जाड, उन्हानं लाल झालेल्या, आणि त्यांचे हात गिरजाकाकूसारखे भेगाळलेले होते. पंगत चर्चमध्येच होती, त्या खाली बसून जेवल्या. मांडी घालता येईना, तर पाय एका बाजूला करून पाटावर बसल्या. कोंबडीच्या रश्श्यानं त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं तरी त्यांनी आणखी मागितला. दाराबाहेरच्या चुलीपाशी अक्का भाकरी थापत होती तिथं जाऊन त्यांनी एक थापून पाहिली, ती फाटली, आणि त्या सगळ्यांच्या आधी हसल्या. पुरुषमंडळी बाहेर लिंबाखाली बसली होती. पाळकसाहेबांनी कार्यक्रम ठरवून दिला होता. जेवण, मग गीत, मग मागणं, आणि निघताना हवी तर ओटी.

गीताच्या आधी बाया बोलायला लागल्या. परकी बाई घरी आली की आमच्याकडं पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्या म्हातारीनं विचारलं, "मालक काय करतेत बाईचे?" मिससाहेबांनी ते इंग्रजीत विचारलं आणि उत्तर मराठीत सांगितलं. मालक वारले आहेत. बाई एकट्याच शेत सांभाळतात. गाई आहेत, कोंबड्या आहेत. अंडी विकून त्या आपली पेटी भरतात. गेल्या साली वादळात त्यांच्या स्वतःच्या चर्चचे छप्परही उडाले, ते अजून व्हायचे आहे. बाया चुकचुकल्या. मी मायकडं पाहिलं तर ती भिंतीला टेकून बसली होती, ती उठली आणि शेजारीच असलेल्या आमच्या घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात सूप होतं, सुपात ज्वारी, गुळाचा खडा, नारळ आणि खण. काखेत तिचं नाताळाचं पातळ.

इडाबाईंच्या झग्याला पदर नव्हता. मायनं आपलं पातळ त्यांच्या खांद्यावरून घेतलं, त्याचा पदर त्यांच्या दोन्ही हातांत धरायला दिला आणि पहिली मूठ घातली. मग एकेक बाई उठली. प्रत्येकीनं कणगीतून आपली मूठ घेतली आणि त्या पदरात सोडली. कुणी गीत धरलं नाही, नुसता दाण्यांचा आवाज होत होता. इडाबाईंनी मिससाहेबांना हळूच काहीतरी विचारलं. मिससाहेबांनी त्यांना समजावलं, आणि मी नंतर आयुष्यभर इंग्रजी शिकवलं म्हणून सांगू शकते, त्यांनी अगदी बरोबर समजावलं. त्या म्हणाल्या, इथं गावात विधवेला हा मान मिळत नाही, या बायका तो देतात, आणि आजपासून हे तुमच्या आईचं घर आहे. इडाबाई रडल्या. पदर सांभाळत त्यांनी मायला मिठी मारली. आमच्याकडं कुणी कुणाला अशी मिठी मारत नाही, त्यामुळं माय हात खाली सोडून उभी राहिली, पण तिचा चेहरा मी तेवढा सुखी पुन्हा कधी पाहिला नाही.

मग इडाबाईंनी डोळे पुसले, पाटावर नीट बसल्या आणि बोलल्या. मिससाहेबांनी सांगितलं, "ह्या म्हणतात, माझ्या बहिणींनी मला एवढेच विचारण्यास पाठविले आहे. तुम्हांस काय पाहिजे?"

अक्का चुलीजवळून उठून दारात आली होती. ती मायकडं पाहून तोंडातल्या तोंडात 'खोली, खोली' म्हणत होती. सगळ्या बाया मायकडं पाहत होत्या. माय त्या पदरातल्या ज्वारीकडं पाहत होती. मग ती म्हणाली, "काई कमी नाई, बाई. देवाच्या दयेनं समदं बरं हाय. तुमचं छप्पर आंदी घाला. तू सुखानं जाय." येताना जिला 'तुम्ही' म्हणत होती तिला ती आता तू म्हणाली, जशी सासरी निघालेल्या पोरीला म्हणतात.

मिससाहेबांना खोलीचं ठाऊक होतं. त्यांनी भाषांतर न करता मायला विचारलं, "मार्थाबाई, खोलीचे काय?" माय म्हणाली, "आता नाई, मिससाहेब." त्यांनी बाकीच्या बायांकडं पाहिलं. एखादी तरी बोलली असती. पण प्रत्येकीची मूठ त्या पदरात पडली होती, आणि एकेक जण मान खाली घालून बसली. इडाबाईंना वाटलं असावं की या बायका खरोखरच समाधानी आहेत. त्यांनी ज्वारी गाठोड्यात बांधून घेतली आणि जीपमध्ये मांडीवर ठेवून नेली.

जीप गेल्यावर पाळकसाहेब आत आले आणि झालेलं ऐकून तिथंच बसले. "ओटी जाताना भरायची असं ठरलं होतं ना?" ते म्हणाले. "आधी मागून घेतलं असतं आणि मग भरली असती, तर काय बिघडलं असतं?" माय सूप आवरत होती. "तिचा मालक गेल्यापासून कोन्ही भरली नसन जी तिची," ती म्हणाली. "माह्यानं राहवलं नाई." गिरजाकाकू कुंपणावरून सगळं पाहत होती. "अवं, लेक केली ते बरं केलं," ती म्हणाली, "पन ते लेक जाईन आता समुद्राच्या पल्याड. बाळंत व्हाचं हाय ते इथच्या पोट्ट्यायले. तिले कायची भीड तुले?" त्या रात्री भाकरी करताना अक्कानं नक्कल केली नाही.

पुढं कधीतरी मिससाहेबांनी निरोप आणला की खोलीचे आणि नर्सचे पैसे दुसऱ्या तालुक्यातल्या एका मंडळीला मिळाले. तिथल्या बायांनी मागितलं होतं आणि त्यांनाही गरज होतीच, यात खोटं काही नाही. आणि आणखी एक सांगितलं. इडाबाई तिकडं गावोगावच्या सभांमधून आमच्या मार्थाबाईंची गोष्ट सांगतात. जगभर फिरले, सगळ्यांनी मागितलं, एका गावात मात्र मलाच देऊन पाठवलं, असं सांगतात, आणि ते ऐकून पेट्या दुपटीनं भरतात. मंडळीतल्या बायांना याचा अभिमान वाटला. मायलाही वाटला, ती लपवायची पण वाटला. अक्का तेवढी म्हणाली, "आपल्या गोष्टीवर पेट्या भरतेत अन् खोल्या दुसऱ्याच्या गावात होऊन राह्यल्या." ती हसत म्हणाली, आम्हीही हसलो. मुठी चालूच होत्या. चर्चच्या मागच्या दगडांवर त्या वर्षी गवत उगवलं आणि शेळ्या त्यावर चढून बसायच्या. एका खोलीला लागावेत तेवढे दगड जमले होते, पण गवंड्यापुरती ज्वारी काही जमेना. दोन हंगाम कोरडे गेले, आणि ज्या घरी दळणच एक वेळचं, तिथं मूठ लहान होत गेली.

आता आमच्या चर्चमध्ये दानावर प्रवचन असलं की मी चष्मा काढून ठेवते आणि ऐकत नाही. देणं चांगलं, हे मला कुणी शिकवायला नको. मी देणारी माणसं फार जवळून पाहिली आहेत. इडाबाई वाईट होत्या का? मुळीच नाही. अंडी विकून पेटी भरणारी बाई ती, आणि तिनं सरळ विचारलं होतं. माय चुकली का? हा प्रश्न मी स्वतःला तरुणपणी रागानं विचारायची, मध्यंतरी विचारणं सोडून दिलं होतं, आणि आता मायपेक्षाही म्हातारी झाल्यावर पुन्हा विचारायला लागले आहे.

अक्काचं लग्न लोणारला झालं. नवरा शिलाईकाम करायचा, मनानं मोकळा होता, अक्काच्या नकला पाहून मशीन थांबवून हसायचा. लोणारच्या तळ्याच्या पाण्याचा वास नव्या माणसाच्या डोक्यात बसतो आणि मग जेवण जात नाही, असं ती पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा सांगत होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ती सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या तिला रोज लागत. माय तिच्यासाठी गिरजाकाकूकडून तूप आणायची, त्या बदल्यात काय नेऊन द्यायची ते माहीत नाही. अक्का दारात पाय पसरून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "पोट्टं होईन का पोट्टी?" आणि जो जे सांगेल त्याच्या उलटं बोलायची.

तुरी झोडपणं चाललं होतं त्या दिवसांत सकाळी तिला कळा सुरू झाल्या. सुईण आली. तिनं पोटाला हात लावला, पुन्हा लावला, आणि मायला बाहेर बोलावलं. लेकरू आडवं होतं. दुपारपर्यंत तिनं तिला येत होतं ते सगळं केलं आणि मग म्हणाली, गाडी जुंपा. नर्स असती तर तिच्या हाताला हे महिनाभर आधी कळलं असतं, तेव्हाच चिखलीला नेऊन ठेवता आलं असतं. असं मला पुढं एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

गिरजाकाकूच्या मुलानं खळ्यावरचे बैल सोडून आणले. गाडीत कडबा अंथरला, त्यावर ती चौकटींची गोधडी. मायनं अक्काचं डोकं मांडीवर घेतलं, मी पाय धरून बसले, गिरजाकाकू गाडीमागं चालत होती. वाट सगळी दगडांची. बैल हळू चालवले तर वेळ जाई आणि जोरात चालवले तर अक्का ओरडे. मध्ये एका ठिकाणी तिला जरा बरं वाटलं. तिनं डोळे उघडले, मायकडं पाहिलं, आणि त्या तशा अवस्थेत मान ताठ करायचा प्रयत्न करून मिससाहेबांच्या आवाजात म्हणाली, "तुम्हांस काय पाहिजे, मार्थाबाई?"

तिला मायला बोचायचं नव्हतं. ती मायला हसवत होती, तिचा स्वभावच तसा होता. माय तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "खोली पाह्यजे वं माय. खोली पाह्यजे." मग ती तेच म्हणत राहिली, अक्काला पुन्हा कळा आल्या तरी म्हणत राहिली, आणि शेवटी गिरजाकाकूनं तिला दटावून गप्प केलं.

उंद्रीला पोचलो तेव्हा मोटार निघून गेली होती. हॉटेलातली माणसं धावत आली, एकजण ट्रक थांबवायला सडकेवर उभा राहिला. ट्रक थांबायच्या आधी अक्का गेली. तिचं लेकरूही तिच्याबरोबरच गेलं. ऊन चांगलं लख्ख होतं आणि सडकेच्या पलीकडं कुणाच्या तरी मळ्यात मोट चालू होती, तिचा आवाज येत होता. आम्ही त्याच गाडीनं परत आलो.

मिससाहेब दुसऱ्या दिवशी आल्या, मातीनंतर. सतरंजी टाकली होती ती बाजूला करून आमच्यासारख्याच जमिनीवर बसल्या. पाळकसाहेब होते, गिरजाकाकू होती, लोणारचे जावई भिंतीकडं तोंड करून बसले होते. मिससाहेब रडत होत्या. त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत त्या म्हणाल्या, "मार्थाबाई, मी त्या बहिणींस कळवू काय? एस्तेरविषयी लिहिले तर त्या खोली देतील. खात्रीने देतील. पण तुम्ही नको म्हणाल तर लिहिणार नाही."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. मला वाटलं माय चिडेल, किंवा मागच्यासारखीच काही कमी नाही म्हणेल. खरं म्हणजे तिनं तसं म्हणावं असं मला तेव्हा वाटत होतं. अक्काच्या मरणावर काही मागून घ्यावं, हे मला सहन होत नव्हतं. माय उठून बसली. पदर नीट केला. तिचा आवाज कोरडा आणि स्वच्छ होता.

"लिहा," ती म्हणाली. "खोली पाह्यजे म्हना. खाट पाह्यजे, नर्स पाह्यजे, अन् औषधाले कपाट पाह्यजे. आमाले कमी हाय म्हना. मार्था मागते म्हना."

खोली झाली. वर्षही लागलं नाही. त्यात पहिली बाळंत झाली ती गिरजाकाकूची सून, आणि पोरगं आडवं नव्हतं, पायाळू होतं, तरी नर्सनं दोघांना वाचवलं. माय त्या पोराला पाहायला गेली, त्याला मांडीवर घेऊन बसली. आणि त्यानंतर ती मागतच राहिली. चिखलीहून कुणी आलं की ती पुढं व्हायची आणि मागायची. चादरी मागितल्या, हातपंप मागितला, रात्री उजेडाला बत्ती मागितली, आणि माझ्या शिक्षणाची फीसुद्धा तिनं तशीच, आलेल्या पाहुण्यांसमोर उभं राहून मागितली. मंडळीतल्या काही जणी तिला पाठीमागं निलाजरी म्हणायला लागल्या. तिनं मागितलेल्या प्रत्येक गोष्टीनं कुणाचं तरी भलं झालं, माझं तर आयुष्यच उभं राहिलं, हे मी नाकारत नाही. पण ती मागायला उभी राहिली की तिच्या आवाजात काहीच हलायचं नाही, पदर तोंडाशी जायचा नाही, हसू यायचं नाही. मला ती मागता न येणारी माय परत हवी होती, आणि तिला शिकवणारी अक्का.